‘निषिद्ध फळ’ : ग्रेपफ्रूटच्या जन्माची कथा

#थ्रेड #इतिहास

१/ मोसंबीहून मोठे, पपनसाहून लहान, चवीला आंबटगोड आणि शेवटी किंचित कडू असे फळ म्हणजे ग्रेपफ्रूट. लिंबूवर्गातील बहुतेक फळे आशियातील. हे फळ मात्र कॅरिबियन समुद्रातील एका बेटावर, गुलामगिरीच्या काळात जन्मले.

२/ आधी कुळ पाहू. २०१८ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने लिंबूवर्गाचे मूळस्थान हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युन्नान या पट्ट्यात असल्याचे मांडले. पपनस, मँडरिन आणि महाळुंग ही या वर्गातील तीन प्रमुख आद्य फळे. नागपुरी संत्रे मँडरिनच्या कुळातले. मोसंबी पपनस-मँडरिन संकरातून आलेली.

३/ गणेशचतुर्थीला गोव्यात माटोळीला टांगले जाणारे जाड सालीचे पपनस मूळचे आग्नेय आशियातील. ते बार्बाडोसला कसे पोहोचले? हान्स स्लोन यांच्या १७०७ च्या ग्रंथानुसार, पूर्वेकडून इंग्लंडला परतणाऱ्या जहाजाच्या शॅडॉक नावाच्या कप्तानाने त्याचे बी तेथे उतरवले. कॅरिबियन इंग्रजीत पपनसाला ‘शॅडॉक’ हेच नाव पडले.

४/ हे बार्बाडोस कसे होते? १६२७ मध्ये तेथे इंग्रजांची वसाहत झाली. १६४० च्या दशकात ऊस आला आणि त्यामागोमाग आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे. सतराव्या शतकाच्या अखेरीस बेटावर गोऱ्यांपेक्षा गुलामांची संख्या कितीतरी अधिक होती.

५/ याच बेटांवर पपनस आणि युरोपमार्गे आलेले गोड संत्रे शेजारी शेजारी वाढले. संकर कोणी ठरवून केला नाही. परागीकरण आपोआप झाले, बी रुजले आणि कोणीतरी ते रोप उपटून न टाकता वाढू दिले.

६/ १७५० साली धर्मगुरू ग्रिफिथ ह्यूज यांनी बार्बाडोसच्या निसर्गेतिहासात ‘निषिद्ध फळ’ या नावाच्या झाडाचे वर्णन केले. बायबलमधील एदेनच्या बागेचा हा संदर्भ. ते झाड म्हणजे आजचेच ग्रेपफ्रूट की त्याचे जवळचे भावंड, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

७/ ‘ग्रेपफ्रूट’ हे नाव १८१४ मध्ये जमैकातील जॉन लुनन यांच्या ग्रंथात आढळते. फळे द्राक्षांसारखी घोसाने लागतात म्हणून हे नाव पडले, असे सर्वत्र सांगितले जाते. लुनन यांनी दिलेले कारण मात्र वेगळे आहे : चव द्राक्षासारखी! ग्रेपफ्रूट चाखलेल्या कोणालाही हे पटणे कठीण.

८/ १८३० मध्ये जमैकातच जेम्स मॅकफेडियन यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले : ‘सिट्रस पॅराडिसी’, म्हणजे नंदनवनातले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८३१ मध्ये, त्याच बेटावर सॅम्युअल शार्प यांच्या नेतृत्वाखाली हजारो गुलामांनी उठाव केला. मे १८३२ मध्ये शार्प यांना फाशी देण्यात आली.

९/ या फळाच्या इतिहासात कप्तान आहे, धर्मगुरू आहे, वनस्पतिशास्त्रज्ञ आहे. मात्र ज्यांच्या श्रमावर या बेटांवरील शेती उभी होती, त्यांच्यापैकी एकाचेही नाव या नोंदींत नाही. ते रोप जगू देणारे हात बहुधा त्यांचेच असावेत.

१०/ एकोणिसाव्या शतकात फळ फ्लोरिडात गेले आणि १८८० च्या दशकापासून त्याचा व्यापार वाढला. १८९४-९५ च्या हिमकडाक्याने बागा होरपळल्या आणि लागवड दक्षिणेकडे सरकली. १९२९ मध्ये टेक्सासमध्ये गुलाबी गराच्या झाडावर एका फांदीला लाल गराची फळे आढळली. त्यातून ‘रुबी रेड’ आली आणि १९३४ मध्ये तिला पेटंटही मिळाले. निसर्गात आपसूक झालेला बदल, पण त्याची मालकी कागदावर नोंदली गेली.

११/ २००५ मध्ये फ्लोरिडात ‘ग्रीनिंग’ रोग आढळला. तो पसरवणारी कीड म्हणजे विदर्भातील संत्रा बागायतदारांच्याही परिचयाची सिट्रस सिला. चक्रीवादळे आणि कँकर रोग यांचीही भर पडली. १९९० च्या दशकाच्या मध्यास फ्लोरिडाचे ग्रेपफ्रूट उत्पादन ५ कोटी पेट्यांहून अधिक होते. २०२३-२४ मध्ये ते २० लाख पेट्यांच्याही खाली आले.

१२/ आज पपनस व ग्रेपफ्रूट यांच्या एकत्रित उत्पादनात चीन आघाडीवर आहे, तेही मुख्यतः पपनसाच्या बळावर. म्हणजे आशियातून निघालेले मूळ फळ आशियात टिकून आहे आणि कॅरिबियनमध्ये जन्मलेले त्याचे अपत्य फ्लोरिडात तग धरण्यासाठी झगडते आहे. कोणत्याही फळाचा इतिहास वाचताना ‘हे कोणी शोधले?’ याबरोबरच ‘हे कोणी जगवले?’ हाही प्रश्न विचारला पाहिजे.

(समाप्त)