बागबाजारातील शुश्रूषा

भारतातील प्लेगच्या इतिहासात सरकारी फर्माने, लोकक्षोभ आणि मृतांचे आकडे यांच्या नोंदी विपुल आढळतात. रोग्याच्या उशाशी बसणाऱ्यांनी तो काळ कसा सोसला, हे मात्र क्वचितच वाचावयास मिळते. कलकत्त्याच्या बागबाजार वस्तीतील १८९९ सालची हकीकत त्या दृष्टीने मोलाची आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या वर्षी साथरोगांविषयीचा कायदा झाला. पुण्यात घरझडतीस गोरे सोजीर आले आणि २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच पुण्यात रोग्यांची सेवा करीत असता सावित्रीबाई फुले यांना प्लेगने गाठले. १० मार्च रोजी त्या निवर्तल्या. १८९८ मध्ये साथ कलकत्त्यास पोहोचली, तेव्हा लोकांनी रोगाइतकीच रोगनिवारकांचीही धास्ती घेतली होती.

अशा वेळी राज्यकर्त्यांच्या वर्णाच्या एका स्त्रीने वस्तीत पाऊल टाकावे, हे धाडसच होते. भगिनी निवेदिता जानेवारी १८९८ मध्ये कलकत्त्यास आल्या, त्या मुलींना शिकविण्याच्या हेतूने. मार्च १८९९ च्या अखेरीस रामकृष्ण मिशनने प्लेगचे सेवाकार्य हाती घेतले. स्वामी सदानंदांकडे प्रत्यक्ष काम आणि निवेदितांकडे चिटणीसपद आले. २२ एप्रिल रोजी क्लासिक थिएटरात त्यांनी विद्यार्थ्यांना आवाहन केले. पंधराएक तरुण पुढे आले. गल्ल्या झाडण्यास हात कमी पडत, तेव्हा निवेदिता स्वतः झाडू घेत.

डॉ. राधागोविंद कर यांनी आपली एक आठवण लिहून ठेवली आहे. एडिंबरो येथे शिकलेले हे वैद्य बंगाली भाषेतून वैद्यक शिकविण्यासाठी झटत होते. चैत्रातील एका दुपारी रोगी पाहून ते घरी परतले, तो निवेदिता दारात वाट पाहत बसलेल्या. सकाळी तपासलेल्या एका मुलाची चौकशी करण्यास त्या आल्या होत्या. प्रकृती चिंताजनक असल्याचे सांगून डॉक्टरांनी त्यांना स्वतःस जपण्याचा इशारा दिला. तिसऱ्या प्रहरी ते पुन्हा गेले, तेव्हा ओलसर, मोडक्या झोपडीत ते मूल निवेदितांच्या मांडीवर होते. घर निर्जंतुक करण्यासाठी त्यांनी शिडी लावून भिंतींना स्वहस्ते चुना दिला. मरण अटळ दिसत असतानाही सेवेत खंड पडला नाही. दोन दिवसांनी मुलाने त्यांच्याच मांडीवर प्राण सोडला.

प्लेग बरा करणारे औषध त्या काळी नव्हते. १८९७ पासून वापरात आलेली हाफकिन यांची लस केवळ प्रतिबंधक होती. वैद्याचे शास्त्र जेथे थांबे, तेथे उरे ती शुश्रूषाच. आणि शुश्रूषा करणाऱ्याला रोज पराभव पाहावा लागे. निवेदितांनी तो पराभव पुढील कामाने सोसला. हाताशी नेहमी काही होते, झाडू, चुना वा मूल. भिंतीला चुना देणे हे सरकारी पथकांचेही काम होते. तेथे ते हुकुमाने होई, येथे रोग्याची रात्र जागवलेल्या हातांनी झाले. लोकांचा विश्वास बसला तो या फरकामुळे.

या साथीने निवेदितांनाही बदलले. शिकविण्यास आलेली स्त्री त्या गल्लीची माणूस झाली. १९०६ मध्ये पूर्व बंगालात दुष्काळ व पूर आला, तेव्हा त्या पुन्हा पीडितांमध्ये गेल्या. बागबाजारातील ते मूल वाचले नाही. पण त्याच्या उशाशी बसणे व्यर्थ गेले, असे इतिहासाला म्हणता येत नाही.