आज्जीचं दिग्व्रत

आमच्या आज्जीनं दिग्व्रत घेतलं होतं. श्रावकाच्या बारा व्रतांतलं हे एक. दाही दिशांना आपण कुठवर जायचं त्याची हद्द ठरवायची आणि मरेपर्यंत ती ओलांडायची नाही. आज्जीची हद्द मला लहानपणापासून पाठ होती. पूर्वेला सम्मेदशिखरजी, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, वायव्येला गिरनार, पश्चिमेला समुद्र आहेच. घरात कुणी लांबच्या प्रवासाचं नाव काढलं की ती म्हणायची, "माझं काय बाई, मला व्रत हाय." आम्ही पोरी हसायचो. आज्जी घर सोडत नाही ती व्रतामुळं, असंच आम्हाला वाटायचं. हा समज माझ्या साठीपर्यंत टिकला. तो खोटा होता हे कळलं परदेशात, एका डब्याच्या शोधात एकटी गाडी चालवत असताना.

२०१९ च्या जुलैत मी सिएटलला लेकीकडे होते. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. लेक-जावई कामावर गेले की मी खिडकीत. लेकीनं एकदा फोनवर जिओकॅशिंगचा खेळ लावून दिला. कुणीतरी कुठंतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण फोनमधल्या जीपीएसवर ती जागा गाठायची, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा परत ठेवायचा. आत काही वस्तू असतात. एखादी घ्यायची तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. मला पटलं. आपल्याकडे ओटीचं ताट रिकामं परत देत नाहीत, त्यातलीच गोष्ट.

खेळासाठी टोपणनाव लागतं. लेक म्हणाली, "आई, काय लिहू?" माझ्या तोंडून आज्जीचं माहेरचं नाव गेलं. लग्नात ते बदललं आणि नंतर त्या नावानं तिला हाक मारणारं कुणी उरलं नाही. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावरही ते नव्हतं.

घराजवळचे दहाबारा डबे सापडल्यावर मी या खेळाचा इतिहास शोधू लागले. मुळं निघाली इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर. १८५४ साली चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट या वाटाड्यानं क्रॅनमिअर पूल नावाच्या आडवळणाच्या दलदलीत एक बाटली ठेवली. तिथवर चालत पोचलेल्यानं आपलं कार्ड तिच्यात टाकायचं. मी इथवर आले होते, एवढंच सांगायचं. त्यातून पुढं लेटरबॉक्सिंगचा छंद वाढला.

पण नुसत्या आकड्यांवरून डबा सापडायचा तर आधी पृथ्वी मोजलेली पाहिजे. आपल्या देशात ते काम विल्यम लॅम्टननं १८०२ साली मद्रासेत सुरू केलं. त्याचं कोन मोजायचं यंत्र अर्ध्या टनाचं होतं. वीस वर्षं त्रिकोणामागून त्रिकोण मोजत तो उत्तरेला सरकत राहिला आणि १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला. तिथंच त्याला पुरलं.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं १९७३ मध्ये जीपीएसचं काम हाती घेतलं, १९७८ मध्ये पहिला उपग्रह सोडला. हेतू युद्धाचा. १९८३ च्या सप्टेंबरात वाट चुकलेलं कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानानं पाडलं, २६९ माणसं गेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा नागरिकांनाही मिळेल असं जाहीर केलं. मिळाली, पण मुद्दाम बिघडवून. सामान्य माणसाच्या यंत्रात जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसायची. लष्करानं घातलेली ही चूक अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं २ मे २००० रोजी बंद झाली. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, डेव्ह उल्मर या गृहस्थानं ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ, रस्त्याच्या कडेच्या झाडीत एक काळी बादली अर्धी पुरून ठेवली. आत पुस्तकं, संगणकाच्या तबकड्या, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याचा बंद डबा. आकडे इंटरनेटवर टाकले. दोनतीन दिवसांतच माइक टीग नावाच्या माणसानं ती शोधली. 'जिओकॅश' हा शब्द त्याच महिन्याच्या अखेरीस सुचवला गेला. सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी संकेतस्थळ काढलं तेव्हा जगभरात मिळून ७५ डबे होते. आता लाखोंनी आहेत.

या सगळ्या इतिहासात बाईचं नाव मला बराच वेळ दिसेना. मग सापडल्या ग्लॅडिस वेस्ट. जन्म १९३०, व्हर्जिनियातल्या शेतकरी घरात. आई तंबाखूच्या कारखान्यात काम करायची. (हे वाचताना मला निपाणीच्या बायका आठवल्या.) १९५६ पासून त्या नौदलाच्या डॅलग्रेन इथल्या केंद्रात गणिती होत्या. पृथ्वी नेमकी गोल नाही. तिचे उंचसखल फुगवटे किती, हे उपग्रहांच्या मोजमापांवरून काढायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. ते नेमकं असल्याशिवाय जीपीएस नेमकं होत नाही. २०१८ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, त्यांचा अमेरिकी हवाईदलानं सन्मान केला. त्या स्वतः मात्र कागदी नकाशाच पसंत करत.

मी ठरवलं, ती पहिली जागा बघायची. लेक म्हणाली, "आई, शनिवारी दोघी जाऊ." मी म्हटलं, "शनिवारपर्यंत थांबले तर मग थांबेनच बघ." तिला ते लागलं असावं. थोड्या वेळानं म्हणाली, "मग फोनवर तुझा ठिपका दिसू दे. मी बघत राहीन."

बेळगावहून कोल्हापूरपर्यंत गाडी मी वीस वर्षं चालवलीय. तिथं स्टिअरिंग डावीकडं, रस्त्यानं उजवीकडून जायचं. पहिले दहा मैल मी नुसती णमोकार म्हणत होते.

पहिल्या दिवशी पूर्वेला स्नोक्वाल्मी खिंडीकडे गेले. तिथं २००१ साली एका सिनेमाच्या जाहिरातीसाठी ठेवलेल्या डब्यांपैकी एक होता. २०११ मध्ये तो चोरीला गेला, पुढं सापडला, आणि २०१७ मध्ये ती जागा खेळात पुन्हा सुरू झाली. तिथं पोचायचं तर जुन्या रेल्वेच्या बोगद्यातून चालत जावं लागतं. बोगदा ३.६ किलोमीटर लांब. रूळ काढलेत, दिवे नाहीत. जुलैतही आतून थंडगार वारा येत होता. तोंडाशी उभी राहिले आणि पाय उचलेना. आत गेले की फोन मुका, ठिपका गायब. लेकीला कळवलं, "तासाभरानं दिसेन." बॅटरी लावली आणि निघाले.

आत वरून पाणी ठिबकत होतं. दूरवर दुसऱ्या टोकाचा उजेड टाचणीच्या डोक्याएवढा. पंधरा मिनिटं चालले तरी तो तेवढाच. एकदा सायकलवरून दोघी पोरी आल्या, हात करून गेल्या आणि पुन्हा अंधार. ह्यांच्या आजारपणात दवाखान्यातल्या रात्री अशाच होत्या. फक्त तिथं पलीकडं उजेड दिसत नव्हता. इथं दिसत होता म्हणून चालत राहिले. बाहेर पडले तेव्हा हात गारठलेले आणि फोनवर लेकीचे सात निरोप.

डबा जवळच चढावर सापडला. चांगला मोठा. वहीत आज्जीचं नाव लिहिलं आणि पर्समधलं पितळी घुंगरू आत ठेवलं. घेतलं काही नाही. गरजेचं नव्हतं. परतीचा बोगदा निम्मा वाटला.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला. टॅकोमा, ऑलिंपिया, मग कोलंबिया नदीचा पूल. नदी ओलांडली की राज्य बदलतं. आम्हा सीमाभागातल्यांना हद्द ओलांडताना जरा बिचकायला होतंच. १ नोव्हेंबर १९५६ ला नकाशावर एक रेघ बदलली आणि आमच्या घरातली तीन माहेरं परराज्यात गेली. इथं मात्र पूल सरला, पाटी गेली, संपलं.

बीव्हरक्रीकच्या अलीकडे ऑरेगन सिटी लागतं. १८४३ पासून हजारो कुटुंबं मिसुरीहून दोन हजार मैल बैलगाड्या हाकत जिकडं आली, त्या वाटेचा हा शेवट. पुष्कळ बायकांनी त्या वाटेवर रोजनिशा लिहिल्या. निघायचा निर्णय बहुतेकींचा नव्हता. नवऱ्यानं ठरवलं, त्या निघाल्या. वाटेत बाळंत झाल्या, वाटेत पोरं पुरली. १८५० च्या कायद्यानं नवरा-बायकोला मिळून ६४० एकर जमीन मिळायची, त्यातली निम्मी बायकोच्या स्वतःच्या नावावर. वाचून बरं वाटलं. मग लक्षात आलं, ती जमीन तिथल्या मूळ लोकांची होती आणि हक्क गोऱ्यांपुरता. एका बाईचं नाव कागदावर चढलं ते दुसरीच्या पायाखालची माती काढून.

नदीकाठी गाडी लावून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. सहज फोनवर दोन जागांमधलं अंतर मोजायचं साधन उघडलं. खेळातली सवय. आमच्या गावापासून श्रवणबेळगोळ. मग गिरनार. मग शिखरजी. सरळ रेषेतच दीड हजार किलोमीटरांच्या पुढं! मग आज्जी खरोखर कुठं कुठं गेली ते मोजलं. माहेर, स्तवनिधी, कुंभोजचं बाहुबली, लेकीच्या बाळंतपणाला एकदा सांगली. सगळं शंभर किलोमीटरांच्या आतबाहेर.

घास हातातच राहिला.

व्रतानं तिला अडवलंच नव्हतं. व्रतानं तिला अर्धा देश मोकळा ठेवला होता. तिला अडवलं होतं आमच्या घरानं. सासूची दुखणी, गोठ्यातल्या म्हशी, आजोबांचा वेळेवरचा चहा, आम्ही नातवंडं. शिखरजीची यात्रा निघायची तेव्हा दर वेळी कुणीतरी म्हणायचं, "पुढच्या वर्षी जाऊया की आक्का." आणि ती म्हणायची, मला व्रत हाय. कुणाला दोष द्यायचा नाही म्हणून ती व्रत पुढं करायची. आम्हीही ते मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. मुनिमहाराजांसमोर हात जोडून तिनं सांगितली ती मर्यादा खरी, पण मला आता वाटतं, तीच तिची जायच्या गावांची यादीही होती. असली यादी घरात बोलून दाखवायला दुसरी जागा तिला कुठं होती?

संध्याकाळी बीव्हरक्रीकच्या पुढं त्या जागेवर पोचले. बादली आता नाही. रस्त्याकडेच्या उंच झाडांत २००३ साली बसवलेला एक फलक आहे. जागेचे आकडे ४५ अंश उत्तर, १२२ अंश पश्चिम आणि पुढं बारीकसारीक. घेवड्याचा तो डबा मात्र नंतर सापडला आणि खेळणाऱ्यांच्या मेळाव्यांत दाखवायला नेतात म्हणे. तिथल्या वहीतही मी आज्जीचं नाव लिहिलं. खाली मराठीत लिहिलं, बेळगावहून.

त्या रात्री मोटेलमध्ये राहिले. एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा एका खोलीत मी एकटी. उजेड नऊपर्यंत होता, त्यामुळं जेवण वेळेत झालं. लेकीचा फोन आला, "आई, तुझा ठिपका हलेना, म्हणून विचारलं." म्हटलं, "पोचले गं. आता झोपते."

गावी परतल्यावर मी आमच्या मंडळात विषय काढला. फेब्रुवारी २०२० मध्ये आम्ही नऊ जणी शिखरजीला गेलो. कुणाचे सासरे, कुणाच्या परीक्षा, कुणाच्या म्हशी, सगळं होतंच. डोंगराची वाट सकाळच्या अंधारात चढायला लागलो, तेव्हा माझ्या पुढची वाहिनी थांबून म्हणाली, "दम लागला काय ओ वैनी?" म्हटलं, "न्हाई. चला तुम्ही."

वर पोचल्यावर वही नव्हती, म्हणून आज्जीचं नाव मनातच घेतलं.