डाउन सिंड्रोम : चयापचयाचे व संबंधित विकार

एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असल्याने उद्भवणारी जन्मजात अवस्था. जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ मध्ये तिचे वर्णन केले. गुणसूत्राचे कारण १९५९ मध्ये उघड झाले.

सर्वांत जास्त गल्लत थायरॉइडबाबत होते. मंद हालचाल, कोरडी त्वचा, बद्धकोष्ठता, सुस्ती ही थायरॉइड कमी पडल्याची लक्षणे ‘मूल मुळातच तसे’ म्हणून सोडून दिली जातात. म्हणून टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) तपासणी जन्मतः, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी करतात. थायरॉइड कमी असल्यास त्याची गोळी सकाळी उपाशीपोटी द्यायची. दूध, लोह वा कॅल्शियम लगेच दिल्यास ती नीट शोषली जात नाही.

स्नायू सैल आणि विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाव्यय कमी, त्यामुळे बेताच्या जेवणावरही वजन वाढते. त्यातून झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास बळावतो. टाइप १ मधुमेह आणि सीलिअ‍ॅक हे स्वप्रतिकारक रोगही अधिक आढळतात. सीलिअ‍ॅकमध्ये गव्हातले ग्लुटेन आतड्याला सोसत नाही, म्हणून पोळी बंद, भात-भाकरी चालते. भात खाणाऱ्या कोकणातल्या घराला हे पथ्य फारसे जड जात नाही. वजन वाढले तरी रक्तदाब मात्र बहुधा कमीच असतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रात पालघर येथून सुरू झाला. त्याच्या तपासणी यादीत डाउन सिंड्रोम आहे, पण वयोमर्यादा अठरा वर्षांची. वजन, थायरॉइड आणि अकाली स्मृतिभ्रंशाचे प्रश्न तर प्रौढ वयातही उभे राहतात.