गावचा संघ कोणाचा?

मार्चचा शेवटचा आठवडा आला की सिअ‍ॅटलमध्ये दोन गोष्टी होतात. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या आवारातली चेरीची झाडं फुलतात आणि अख्खं शहर तिथे फोटो काढायला लोटतं. आणि बेसबॉलचा सीझन सुरू होतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत एनबीएचे, म्हणजे बास्केटबॉलचे, प्लेऑफ. अमेरिकन क्रीडाप्रेमींचा हा दिवाळी-दसरा म्हणायला हरकत नाही. एक खेळ ऐन रंगात आलेला असतो आणि दुसऱ्यात आपला संघ हरायला अजून भरपूर वेळ असतो :)

पण मी इथे आल्यावर पहिल्याच वसंतात मरिनर्सचा बेसबॉल सामना बघायला गेलो, तेव्हा एक गोष्ट कळेना. मरिनर्सचे रंग गडद निळा आणि निळसर हिरवा. मग पुढच्या रांगेत हिरव्या-पिवळ्या जर्सी घातलेले हे तीन-चार लोक कोण? ऑफिसातला एक सहकारी बरोबर होता, सिअ‍ॅटलमध्येच वाढलेला. त्याला विचारलं. तो म्हणाला, ती सॉनिक्सची जर्सी. सुपरसॉनिक्स हा इथला बास्केटबॉल संघ, १९६७ साली सुरू झालेला. या शहरातला त्यांचा शेवटचा सामना १३ एप्रिल २००८ ला झाला. तेव्हा हा गडी शाळेत होता आणि वडिलांबरोबर स्टेडियममध्ये हजर होता. पुढचं सांगायला त्याला दोन बिअर लागल्या.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. आपण मुंबई-रणजीवर वाढलेली माणसं. मुंबईचा रणजी संघ कुणी विकत घेतला आणि पुढच्या मोसमापासून तो इंदूरला खेळू लागला, ही कल्पनाच आपल्याला करता येत नाही. अमेरिकेत हे होतं, कारण इथे संघ म्हणजे फ्रँचायझी. एका मालकाची मिळकत. शहराकडे असतो तो फक्त स्टेडियमचा भाडेकरार. बाकी झेंडे, घोषणा, आजोबांनी नातवाला पहिल्यांदा सामन्याला नेणं, यातलं काहीच कागदावर नसतं.

सिअ‍ॅटलला हा धडा सगळ्यात आधी बेसबॉलने शिकवला, तोही वसंतातच. १९६९ साली शहराला पायलट्स नावाचा संघ मिळाला. त्यांचं मैदान म्हणजे सिक्स स्टेडियम, जुनंपुराणं. पहिला सामना आला तरी बांधकाम अपुरं होतं, आणि गर्दी थोडी वाढली की नळाचं पाणी जायचं. (टॉयलेटचं काय होत असेल याची कल्पना तुम्हीच करा.) संघ ९८ सामने हरला, मालकांचे पैसे संपले. पुढच्या वर्षी खेळाडू अ‍ॅरिझोनात सराव करत होते आणि इकडे दिवाळखोरीचा खटला चालू होता. सामानाचा ट्रक युटातल्या प्रोव्हो गावी थांबवून ठेवलेला. तिथून रस्ता दोन्हीकडे जातो. ड्रायव्हरला फोनवर कळणार होतं, सिअ‍ॅटलकडे वळायचं की मिलवॉकीकडे.

३१ मार्च १९७० ला निकाल लागला. मिलवॉकी. विकत घेणाऱ्या गटाचे म्होरके होते बड सीलिग, जे पुढे अख्ख्या बेसबॉल लीगचे कमिशनर झाले. पुढे जेमतेम आठवडा होता, नवे गणवेश शिवायला सवडच नव्हती. मग पायलट्सच्याच शर्टांवरची अक्षरं उसवून 'ब्रूअर्स' अशी अक्षरं शिवली गेली. खालच्या जुन्या अक्षरांच्या खुणा दिसत होत्या म्हणे. ७ एप्रिलला त्याच कपड्यांत ते खेळले आणि ०-१२ ने हरले. एक वर्ष जगलेला संघ! आता गंमत बघा. मिलवॉकीचा स्वतःचा संघ, ब्रेव्ह्ज, १९६५ च्या मोसमानंतर असाच अटलांटाला गेला होता. म्हणजे ज्याचं घर फुटलं होतं त्यानेच दुसऱ्याचं फोडलं. सीलिगसाहेबांना दोष देणं मला जमत नाही, आणि का ते पुढे येईलच.

यानंतर सिअ‍ॅटलने जे केलं ते मला फार आवडतं. मोर्चे वगैरे काढण्यापेक्षा त्यांनी सरळ कोर्टात दावा ठोकला. राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल होते स्लेड गॉर्टन. त्यांनी राज्य, काउंटी आणि शहर यांच्या वतीने अमेरिकन लीगवरच करारभंगाची केस लावली. कोर्टात वकील होते बिल ड्वायर. केस १९७६ मध्ये उभी राहिली आणि संघमालकांना साक्षीला बसवून ड्वायरनी असं काही सोललं, की लीगने नवा संघ द्यायचं कबूल करून तडजोड केली. तो संघ म्हणजे मरिनर्स. ६ एप्रिल १९७७ ला किंगडोम या नव्या बंदिस्त स्टेडियममध्ये पहिला सामना झाला. हजर ५७ हजारांच्या वर लोक, निकाल ०-७. असो. जिंकणं हा मरिनर्सचा मुद्दा कधी नव्हताच.

गॉर्टन हे नाव लक्षात ठेवा.

१९९२ मध्ये मरिनर्सचे तेव्हाचे मालक संघ फ्लोरिडाला, टॅम्पा बे भागात न्यायच्या बेतात होते. गॉर्टन आता सिनेटर झालेले. स्थानिक गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा ते गेले रेडमंडला, निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या ऑफिसात. तिथले प्रमुख मिनोरू अराकावा, आणि त्यांचे सासरे हिरोशी यामाउची हे क्योतोतले निन्टेंडोचे सर्वेसर्वा. यामाउची पैसे द्यायला तयार झाले. यावर बेसबॉलवाल्यांना घाम फुटला: अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ आणि मालक जपानी? शेवटी यामाउचींचे मताधिकार पन्नास टक्क्यांच्या आत ठेवून परवानगी मिळाली. यामाउचींनी मरिनर्सचा एकही सामना स्वतः स्टेडियममध्ये बसून पाहिला नाही, असं सांगतात. व्हिडिओ गेम विकून कमावलेल्या पैशांवर, क्योतोतल्या एका माणसामुळे, सिअ‍ॅटलचा संघ सिअ‍ॅटलमध्ये राहिला. 'गावचा' या शब्दाचा अर्थ इथे जरा ताणावा लागतो.

तरी धोका संपला नव्हता. नव्या मालकांना नवं स्टेडियम हवं होतं. सप्टेंबर १९९५ मध्ये त्यासाठी विक्रीकर ०.१ टक्क्याने वाढवायचा की नाही यावर काउंटीत मतदान झालं आणि प्रस्ताव अगदी थोडक्यात पडला. पण नेमक्या त्याच महिन्यात मरिनर्सना काय झालं कुणास ठाऊक. ऑगस्टच्या सुरुवातीला ते पहिल्या नंबरपासून १३ सामने मागे होते. तिथून वर आले, एंजल्सबरोबर बरोबरी झाली, निर्णायक सामना ९-१ ने जिंकला. मग यांकीजविरुद्ध पाच सामन्यांची मालिका. ८ ऑक्टोबर १९९५, पाचवा सामना, अकरावी इनिंग, ४-५ ने मागे. एडगर मार्टिनेझने डाव्या कोपऱ्यात चेंडू मारला. जोई कोरा घरी आला आणि त्याच्यामागे केन ग्रिफी ज्युनिअर पहिल्या बेसवरून सुसाट धावत आला तो घसरतच होम प्लेटवर. ६-५. मियाँदादचा शारजातला सिक्सर पाकिस्तानात जसा अजून आठवतात, तसा हा 'डबल' इथे आठवतात. (ही उपमा आपल्याला झोंबते, पण तीच चपखल आहे.) तो क्षण मी यूट्यूबवर किती वेळा पाहिला ते सांगत नाही.

त्याच महिन्यात विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावून स्टेडियमच्या पैशांची दुसऱ्या मार्गाने सोय केली गेली. जे लोकांनी मतपेटीत नाकारलं होतं, ते एका फटक्याने पास झालं. चाहता म्हणून मला भरून येतं. नागरिक म्हणून विचार केला तर जरा गडबडायला होतं. नवं स्टेडियम १९९९ मध्ये उघडलं. किंगडोम २६ मार्च २००० ला सुरुंग लावून पाडला, आणि त्याच्या कर्जरोख्यांचे हप्ते लोक २०१५ पर्यंत फेडत होते!

हे सगळं सांगायचं कारण, याचंच बिल पुढे सॉनिक्सच्या नावाने फाटलं. खरं तर शहराला पहिला मोठा आनंद सॉनिक्सनीच दिला होता: १९७९ चं एनबीए विजेतेपद, लेनी विल्कन्स कोच. १९९६ मध्ये गॅरी पेटन आणि शॉन केम्प यांनी संघ पुन्हा फायनलला नेला. तिथे समोर मायकेल जॉर्डनचे बुल्स, त्यामुळे पुढचं सांगायला नको. पण बेसबॉलनंतर फुटबॉललाही सार्वजनिक पैशांतून स्टेडियम मिळालं होतं आणि बास्केटबॉलचा नंबर आला तोवर लोकांचा खिसा आणि संयम दोन्ही आटलेले.

२००१ मध्ये स्टारबक्सच्या हॉवर्ड शुल्ट्झ यांच्या गटाने हा संघ २० कोटी डॉलरना घेतला. नवं स्टेडियम मिळेना म्हणून २००६ मध्ये ३५ कोटींना विकला, तो ओक्लाहोमा सिटीच्या क्ले बेनेट यांच्या गटाला. ओक्लाहोमाचा माणूस सिअ‍ॅटलचा संघ सिअ‍ॅटलमध्येच ठेवायला घेईल, यावर कोणी खरंच विश्वास ठेवला असेल का? त्याच नोव्हेंबरमध्ये सिअ‍ॅटलच्या सुमारे ७४ टक्के मतदारांनी क्रीडासंघांना शहराच्या तिजोरीतून सवलत देण्यावर बंधन घातलं. ही मोहीम चालवणाऱ्या गटाच्या नावाचा अर्थ होतो, 'अधिक महत्त्वाच्या गोष्टींसाठी नागरिक'. टोमणा असावा तर असा. २००७ मध्ये ऑब्रे मॅकक्लेंडन हे सहमालक एका वर्तमानपत्राजवळ बोलून गेले, की आम्ही संघ सिअ‍ॅटलमध्ये ठेवायला घेतलेलाच नव्हता. एनबीएने त्यांना अडीच लाख डॉलर दंड केला. खरं बोलल्याबद्दल, असं मी म्हणतो.

भाडेकरार २०१० पर्यंत होता. शहराने तो पाळायला लावण्यासाठी दावा केला आणि वकिलांच्या फौजेत कोण होतं? सिनेटमधून केव्हाच बाहेर पडलेले, ऐंशीला टेकलेले स्लेड गॉर्टन. १९७० ची केस, १९९२ चे निन्टेंडो आणि २००८ चा करार, तिन्ही वेळा तोच माणूस. यावेळी मात्र जमलं नाही. जून २००८ मध्ये सुनावणी झाली, आणि निकाल ज्या दिवशी अपेक्षित होता त्याच दिवशी, २ जुलैला, शहराने तडजोड केली. साडेचार कोटी डॉलर घेतले आणि संघ जाऊ दिला. 'सुपरसॉनिक्स' हे नाव आणि हिरवा-पिवळा रंग तेवढे भविष्यातल्या एखाद्या संघासाठी सिअ‍ॅटलकडे राहिले. बाकी माणसं गेली. त्यात केव्हिन ड्युरँट नावाचा पहिल्याच मोसमातला पोरगा होता. एप्रिलमधल्या त्या शेवटच्या सामन्यात डॅलसला ९९-९५ ने हरवताना हाच हात उंचावून प्रेक्षकांना आणखी ओरडायला लावत होता. माझ्या सहकाऱ्याला अख्ख्या सामन्यातलं तेवढंच आठवतं.

बास्केटबॉल मात्र शहरातून पूर्ण गेलं नाही, आणि हे विसरणाऱ्यांचा मला राग येतो. स्टॉर्म हा महिलांचा संघ याच मालकांकडे होता. २००८ च्या सुरुवातीला सिअ‍ॅटलच्याच चार बायकांनी मिळून तो एक कोटी डॉलरना विकत घेतला. २००४ मध्ये तो एकदा जिंकलेला होताच. पुढे २०१०, २०१८ आणि २०२० मध्येही विजेता ठरला.

पुणेकर वाचक एव्हाना म्हणत असतील, यात काय मोठंसं! खरंय. पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३, मग रायझिंग पुणे २०१६-१७ आणि तेही फायनल एका धावेने हरून गायब. पण खरं सांगा, रडलं कोणी? आजोबांनी नातवाला दाखवावं इतका काळ ते संघ टिकलेच नाहीत. सॉनिक्सची एकेचाळीस वर्षं होती.

आता सीलिगसाहेबांना दोष का देता येत नाही ते. २०१३ मध्ये सिअ‍ॅटलच्या एका गटाने सॅक्रामेंटोचा किंग्ज हा संघ विकत घेऊन इकडे आणायचा घाट घातला. आपल्याबरोबर झालं तेच दुसऱ्या गावाबरोबर! माझा सहकारी तेव्हा अगदी खुशीत होता, हे त्याने स्वतः कबूल केलं. १५ मे ला एनबीएच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी नकार दिला आणि संघ सॅक्रामेंटोतच ठेवणाऱ्या गटाकडे गेला. त्या गटाचे प्रमुख विवेक रणदिवे. मुंबईत जन्मलेले, सॉफ्टवेअरमध्ये पैसा कमावलेले. हे ऐकून सहकारी माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे तुमच्यातलेच!" मी मान खाली घालून नाचोज खात बसलो.

त्याचा जुना संघ ओक्लाहोमा सिटी थंडर या नावाने जून २०२५ मध्ये विजेता झाला. त्याने ती फायनल पाहिली नाही. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला मरिनर्स टोरंटोत सातवा सामना ३-४ ने हरले आणि वर्ल्ड सिरीज पुन्हा एकदा हुकली. सातव्या इनिंगपर्यंत पुढे होते हो! त्या रात्री आम्ही चौघे त्याच्या घरी होतो. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्याने टीव्ही बंद केला आणि म्हणाला, "एप्रिलची तिकिटं जानेवारीतच काढू. हिरवी जर्सी तुलाही एक आणतो."