पाबळच्या माळावरून मारवाडच्या वाळूत

शिरूर तालुक्यातले पाबळ तुम्हांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. कमी पावसाचा मुलूख, उन्हाळ्यात माळ नुसता भाजून निघतो. याच गावात मस्तानीची कबर आहे. १७४० साली बाजीराव गेला आणि पाठोपाठ तीही गेली. तिचा मुलगा समशेर बहादूर मात्र इथे विसावला नाही. त्याची कबर भरतपूरला, राजपुतान्याच्या पूर्व वेशीवर आहे. आई इथे आणि लेक इतक्या दूर, असे का बरे झाले? याचे उत्तर एका वाटेवर सापडते. चला, आज त्या वाटेने जाऊन येऊ.

आज तुम्ही मोटारीत तंबू टाकून वाळवंट पाहायला जाऊ शकता. त्या काळी तसे नव्हते. पाऊस सरला, दसऱ्याचे शिलंगण झाले, नद्या उतरल्या, की फौजा निघायच्या. मुक्काम उघड्या माळावर. सरदाराला डेरा, शिपायाला राहुटी आणि ज्याला तेही नाही त्याला डोक्यावर आभाळ. धान्य यायचे वंजाऱ्यांच्या बैलांवरून. मुक्काम कुठे पडणार हे ठरवायचे पाणी. माणूस एक वेळ अर्धपोटी चालेल, पण घोडा पाण्यावाचून चालेल का?

या वाटेने १७३५ साली बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेला गेल्या. उदयपूर, जयपूर करीत त्या काशीकडे वळल्या. पेशव्यांची आई परमुलखातून चालली होती, आणि तिला भय नव्हते. उदयपूरच्या राण्यांनी तिचा सन्मान केला. जयपूरच्या सवाई जयसिंहांनी तिचा पाहुणचार केला. पुढच्याच वर्षी, १७३६ मध्ये, खुद्द बाजीराव राजपुतान्यात जाऊन जयसिंहांना भेटला.

पण ही माया टिकली नाही. १७४३ साली जयसिंह वारले. गादीसाठी भाऊबंदकी लागली. आपले शिंदे-होळकर त्या भांडणात पडले आणि पैशाचा तगादा सुरू झाला. १७५० च्या डिसेंबरात मराठी फौज जवळ आलेली पाहून जयपूरच्या ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली. पुढच्याच महिन्यात जयपूर शहरात शिरलेल्या मराठ्यांची कत्तल झाली. पंधरा वर्षांपूर्वी जिथे आपल्या आईची पालखी मानाने उतरली होती, त्याच शहरात हो!

मग मारवाड. जोधपूरच्या गादीच्या तंट्यात जयाप्पा शिंदे यांनी रामसिंहाची बाजू घेतली. विजयसिंह नागौरच्या किल्ल्यात जाऊन बसला. जयाप्पांनी वेढा घातला. वेढा रेंगाळला, हिवाळा गेला, उन्हाळा आला. चहूकडे वाळू, विहिरी खोल आणि कित्येकांचे पाणी मचूळ. हजारो जनावरे तिथे पोसायची म्हणजे काय, हे पाबळच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. १७५५ च्या जुलैत, तहाची बोलणी चालू असता, मारेकऱ्यांनी जयाप्पांना छावणीतच ठार केले. धाकटे भाऊ दत्ताजी यांनी वेढा उठवला नाही. पुढे तह झाला, अजमेर हाती आले. मुलूख मिळाला, माणसे मात्र दुरावली.

त्याचा हिशेब १७६१ साली पानिपतावर चुकता झाला. राजपूत राजे अलिप्त राहिले. सत्ताविशीतला समशेर बहादूर तिथे जखमी झाला आणि जाटांच्या मुलखात येऊन मेला. त्या मुलखात सुरजमल जाटाने पळून आलेल्या आपल्या लोकांना अन्नवस्त्र दिले, हे मात्र विसरू नये.

गुरुजी, वर्गात एकदा नकाशा उघडा. पाबळ, उदयपूर, जयपूर, नागौर, भरतपूर अशी ठिकाणे मुलांना बोटाने दाखवा. मग विचारा, की त्याच वाटेवर राधाबाईंना पाणी आणि मान दोन्ही मिळाले, जयाप्पांना का नाही? मुले उत्तर शोधतील. आणि पाबळच्या त्या कबरीपाशी गेलात, तर तिच्या लेकाची कबर कुठे आहे तेही त्यांना सांगा.