रँडची प्लेग-कारकीर्द

वॉल्टर चार्ल्स रँड मराठी वाचकास ठाऊक आहे तो त्याच्या मृत्यूमुळे. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर हरी चापेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली व ३ जुलै रोजी तो मरण पावला. हा शेवट इतका प्रखर आहे की आरोग्याधिकारी म्हणून त्याने काय केले, हा प्रश्न मागेच पडतो.

रँड हा वैद्य नव्हे. मुलकी खात्यात, महसूल व दंडाधिकार या कामांत मुरलेला अंमलदार. साताऱ्यास असिस्टंट कलेक्टर असता १८९४ मध्ये मशिदीपुढील वाद्यांच्या प्रकरणी त्याने वाईच्या प्रतिष्ठित मंडळींना तुरुंगात धाडले होते. पुण्याची नेमणूक या लौकिकामुळेच झाली असावी. मार्च १८९७ मध्ये नेमलेल्या प्लेग समितीत सर्जन-कॅप्टन बेव्हरिज हा वैद्यकीय सभासद होता, मेजर पॅजेट लष्करी, अध्यक्षपद रँडकडे. म्हणजे रोगाच्या कारभारात वैद्यकाचे स्थान प्रारंभापासूनच दुय्यम.

त्याच्या हाती आलेला ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा अवघा चार कलमांचा. पण त्यातील चौथ्याने, सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल दावा लावण्याची वाटच बंद केली. (याच कायद्याचा आधार महाराष्ट्रात मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत घेण्यात आला, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.) १३ मार्च ते १९ मे या काळात गोरे सोजीर स्वयंपाकघरात व देवघरात शिरत, रोग्यास इस्पितळात, घरच्यांस विलगीकरणाच्या छावणीत नेत, सामान जाळीत. या तपासणीला लोकांनी शब्द लावला तो ‘झडती’, चोरीच्या मालाशी जोडलेला. भाषेच्या अभ्यासकास ही निवड बोलकी वाटते. टिळकांचा रोष उपायांवर नव्हता, अंमलबजावणीच्या रीतीवर होता. हिंदू प्लेग इस्पितळासाठी त्यांनी स्वतः खटपट केली.

आणि या उपायांचे फळ? प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये कराचीत दाखविले व ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. तेव्हा पुण्यात शोध चालला होता तो माणसांचा. झडतीच्या धास्तीने लोक रोगी लपवीत, गाव सोडून जात. या अज्ञानाचा दोष एकट्या रँडला देणे अन्यायाचे होईल. परंतु रोगी लपविले जातात याचा अर्थ ओळखण्यास वैद्यकशास्त्राची गरज नव्हती. त्याच वर्षी पुण्यात प्लेग पुन्हा उद्भवला.

नाशिककडे ही कथा निराळ्या क्रमाने सांगतात: चापेकरांची फाशी, भगूरला बाल सावरकरांनी घेतलेली शपथ, मग १९०९ मध्ये जॅक्सनचा वध. त्या क्रमात १८९९ सालाला जागा मिळत नाही. त्या वर्षी भगूरला सावरकरांचे वडील दामोदरपंत प्लेगानेच वारले, आणि ते कुटुंब नाशिकास आले.