सावित्रीबाई खानोलकर : एका परदेशी सैनिकपत्नीचे जीवन आणि परमवीर चक्राची घडण

प्रस्तावना :

सैनिकाशी विवाह करून त्याच्या देशात कायमचे वास्तव्य करणाऱ्या स्त्रियांचा इतिहास हा पाश्चात्त्य सामाजिक इतिहासलेखनात अभ्यासाचा विषय झाला आहे. अमेरिकेने डिसेंबर १९४५ मध्ये आपल्या सैनिकांच्या परदेशी पत्नींना प्रवेश सुलभ करणारा कायदा केला. पराभूत जर्मनीतील स्त्रियांशी विवाह करण्यास मात्र अमेरिकन सैनिकांना प्रारंभी मनाई होती. ती १९४६ च्या डिसेंबरात उठली आणि त्यानंतर हजारो जर्मन तरुणी सैनिकांच्या पत्नी म्हणून अमेरिकेस गेल्या. कालच्या शत्रूची कन्या आज घरची सून झाली. भाषा, अन्न, धर्माचार, शेजारपाजार हे सारे तिला नव्याने शिकावे लागले.

मराठी समाजात अशी उदाहरणे संख्येने थोडी असली तरी ती नाहीत असे नाही. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि क्वो छिंगलान यांचा १९४१ मधील विवाह जिल्ह्यातील वाचकांस परिचित आहे. तथापि तेथे डॉक्टर परदेशी गेले होते, पत्नी आपल्याच देशात होती. युरोपातून येऊन मराठी सैनिकाच्या घरात सून झालेल्या आणि पुढे भारतीय सेनेच्या सर्वोच्च शौर्यपदकाचा आकृतिबंध सिद्ध करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर यांचे जीवन त्या दृष्टीने अधिक बोलके आहे. ‘परमवीर चक्र एका परदेशी स्त्रीने घडविले’ असे नवलाईने सांगितले जाते. या वाक्यातील ‘परदेशी’ हे विशेषण १९४७ सालच्या सावित्रीबाईंना कितपत लागू पडते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

जन्म, विवाह व नामांतर :

सावित्रीबाईंचे मूळ नाव ईव्ह इव्होन मादे द मारोस. त्यांचा जन्म २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधील नोशातेल येथे झाला. वडील हंगेरियन, आई रशियन. वडील समाजशास्त्राचे अध्यापक होते व जिनिव्हातील राष्ट्रसंघाच्या परिवारातील ग्रंथालयाशी त्यांचा संबंध होता. या ग्रंथांच्या सहवासातच भारताविषयीचे कुतूहल कन्येच्या मनात रुजले असे दिसते. म्हणजे भारताची ओढ प्रथम निर्माण झाली आणि भारतीय सैनिक नंतर भेटला, हा क्रम ध्यानात घेणे आवश्यक आहे.

१९२९ मध्ये फ्रान्समधील शॅमोनी येथे सुटीवर आलेल्या विक्रम रामजी खानोलकर या मराठी तरुणाशी त्यांची भेट झाली. विक्रम तेव्हा इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील लष्करी महाविद्यालयात शिकत होते. भारतीयांसाठी सँडहर्स्टची दारे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये उघडली, तीही वर्षाला अवघ्या दहा जागांपुरती. डेहराडूनची लष्करी अकादमी १९३२ मध्ये सुरू होईपर्यंत भारतीय तरुणास पूर्ण दर्जाचा अधिकारी होण्याचा तोच मुख्य मार्ग होता. तेथे प्रवेश मिळविणाऱ्या मराठी तरुणांपैकी विक्रम हे एक होत. शिक्षणानंतर ते शीख पलटणीत रुजू झाले. पत्रव्यवहार चालू राहिला. घरचा विरोध असतानाही ईव्ह भारतात आल्या आणि १९३२ मध्ये लखनौ येथे हा विवाह संपन्न झाला. वधूचे वय एकोणीसच्या आसपास होते.

विवाहानंतर ‘ईव्ह’च्या ‘सावित्री’ झाल्या. सासरी गेल्यावर नाव बदलणे ही मराठी स्त्रीच्या अनुभवातील नित्याचीच बाब, परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला ती अडचणीची ठरते. नाव पालटले की दप्तरातील माग तुटतो. एकच व्यक्ती दोन देशांच्या नोंदींत दोन अपरिचित स्त्रिया म्हणून उरते. त्यातही सैनिकाच्या पत्नीची नोंद बहुधा पतीच्या बदल्यांच्या अनुषंगानेच होते.

अध्ययनाची पंधरा वर्षे :

लष्करी छावणीतील तत्कालीन अधिकारीवर्गाचे जीवन इंग्रजी वळणाचे होते. युरोपीय स्त्रीला त्या वातावरणात सहज सामावून जाता आले असते. सावित्रीबाईंनी उलट दिशा धरली. त्या हिंदू आचार पाळू लागल्या, शाकाहारी झाल्या, साडी नेसू लागल्या. मराठी, हिंदी आणि संस्कृत या भाषा त्यांनी आत्मसात केल्या. पतीची नेमणूक पाटणा येथे असताना तेथील विद्यापीठात त्यांनी संस्कृत नाटक, वेद व उपनिषदे यांचा अभ्यास केला. उदय शंकर यांच्याकडे नृत्याचे धडे घेतले. पुढे त्यांनी महाराष्ट्रातील संतांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. ज्या मोहोळ परिसरातून पंढरीच्या वाटा जातात, तेथील वाचकास या ग्रंथाचे मोल वेगळे सांगावयास नको. जन्माने वारकरी असलेल्यांपैकी तरी किती जणांनी परभाषकांसाठी संतचरित्रे लिहिण्याचे कष्ट घेतले?

परमवीर चक्राची घडण :

स्वातंत्र्यापूर्वी भारतीय सैनिकास मिळू शकणारे सर्वोच्च पदक म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस. १८५६ मध्ये सुरू झालेल्या या पदकासाठी भारतीय सैनिक १९११ पासून पात्र ठरले. मराठा पलटणीतील यशवंत घाडगे यांना १९४४ च्या इटलीतील लढाईबद्दल ते मरणोत्तर मिळाले, तर नामदेव जाधव यांना १९४५ च्या पराक्रमाबद्दल. पराक्रम मराठी मातीचा आणि पदकावर मुकुट ब्रिटिश राजाचा, ही विसंगती स्वतंत्र भारतात चालणार नव्हती. १९४७ च्या ऑक्टोबरात काश्मीरचे युद्ध पेटल्याने हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला.

नव्या पदकांच्या निर्मितीचे काम सेनेचे पहिले भारतीय ॲडज्युटंट जनरल, मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे होते. त्यांनी सावित्रीबाईंची निवड केली ती त्या अधिकाऱ्याच्या पत्नी म्हणून नव्हे, तर पुराणे, संस्कृत आणि चित्रकला यांची जाण एकाच ठिकाणी असलेल्या व्यक्ती म्हणून. सावित्रीबाईंना दधीची ऋषींची कथा आठवली. वृत्रासुराच्या वधासाठी देवांना शस्त्र हवे होते. दधीचींनी स्वतःच्या अस्थी दिल्या आणि त्यांतून इंद्राचे वज्र घडले. ही निवड मार्मिक आहे. येथे गौरव विजेत्या इंद्राचा होत नाही, देह देणाऱ्या ऋषीचा होतो. मारणाऱ्यापेक्षा झिजणाऱ्याला मोठे मानणारी ही दृष्टी केवळ शब्दकोश चाळून येत नाही.

पदकाचे प्रत्यक्ष रूप साधे आहे. कांस्याचे, गोल, दीड इंचापेक्षाही किंचित लहान व्यासाचे. मध्यभागी अशोकस्तंभाची राजमुद्रा आणि तिच्या सभोवती चार वज्रे. मागील बाजूस हिंदी व इंग्रजीत ‘परमवीर चक्र’ ही अक्षरे व दोन कमळे. फीत जांभळ्या रंगाची. शिवछत्रपतींच्या भवानी तलवारीची प्रतिमाही या आकृतिबंधात असल्याचे काही लेखांतून सांगितले जाते. मराठी मनास ते सुखावणारे असले, तरी पदकाच्या अधिकृत वर्णनात वज्रे आणि राजमुद्रा यांचाच उल्लेख आहे. तेव्हा अभ्यासकाने त्याच्याशीच राहिलेले बरे. महावीर चक्र, वीर चक्र आणि अशोक चक्र यांच्या आकृतिबंधांचे श्रेयही सावित्रीबाईंकडेच जाते.

२६ जानेवारी १९५० रोजी या पदकाची स्थापना झाली व ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानण्यात आले. पहिले परमवीर चक्र ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे वीरमरण आलेले कुमाऊँ रेजिमेंटचे मेजर सोमनाथ शर्मा यांना देण्यात आले. सोमनाथ यांचे धाकटे बंधू सुरिंद्रनाथ हे सावित्रीबाईंची कन्या कुमुदिनी यांचे पती. आईने रेखलेले पदक लेकीच्या दिराच्या नावावर सर्वप्रथम नोंदले गेले. हा योगायोग इतक्या वेळा सांगितला जातो की त्यापुढे आधीची पंधरा वर्षे झाकोळून जातात.

उत्तरायुष्य :

१९५२ मध्ये मेजर जनरल विक्रम खानोलकर यांचे निधन झाले. सावित्रीबाईंचे वय तेव्हा चाळिशीच्या आतच होते. स्वित्झर्लंडला परतण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. युद्धोत्तर काळात पतीच्या मृत्यूनंतर माहेरी परतलेल्या परदेशी सैनिकपत्नी युरोप-अमेरिकेत काही थोड्या नव्हत्या. सावित्रीबाई मात्र परतल्या नाहीत. फाळणीनंतर निर्वासितांसाठी व सैनिकांच्या कुटुंबांसाठी त्यांनी काम केले होतेच. आता त्या रामकृष्ण मिशनच्या सान्निध्यात अध्यात्माकडे वळल्या. ज्या नात्याने त्या या देशात आल्या ते नाते संपल्यावरही अडतीस वर्षे त्या येथेच राहिल्या. नागरिकत्वाच्या कोणत्याही दाखल्यापेक्षा हा पुरावा अधिक वजनदार मानावा लागेल.

२६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले. १९९९ च्या कारगिल युद्धातील चार वीरांसह परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची संख्या एकवीस झाली असून त्यांपैकी चौदा जणांना ते मरणोत्तर मिळाले आहे. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील एकवीस बेटांना या वीरांची नावे देण्यात आली. त्या प्रत्येकाच्या नावे दिल्या गेलेल्या कांस्याच्या चक्रावर सावित्रीबाईंनी रेखलेली दधीचींची वज्रे आहेत.